मुळांची जागा

शहरातील झाडांविषयी जी सार्वजनिक चर्चा होते ती बहुतेक दोन आकड्यांभोवती फिरते: एखाद्या प्रकल्पासाठी किती झाडे तोडली आणि त्यांच्या बदल्यात किती रोपे लावली. या आकड्यांचा हिशेब मागणारे नागरिक आहेत म्हणूनच अनेक रस्त्यांवर आज सावली उरली आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु ज्या झाडांवर कुणी कुऱ्हाड चालवलेली नाही, ज्यांच्या बुंध्यावर तोडीची नोटीस कधी लागलेली नाही, अशी झाडेही शहरात मोठ्या प्रमाणावर वाळतात, पहिल्या वादळी पावसात उन्मळून पडतात, किंवा लावल्यानंतर पंधराव्या वर्षीही पाचव्या वर्षी होती तेवढीच राहतात. आणि या मरणाची नोंद कोणत्याही हिशेबात नसते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही झाडे आहेत. त्यांच्या दुरवस्थेची कारणे अनेक असली तरी त्यांतील बहुतेक एकाच मुळाशी येऊन मिळतात, ते म्हणजे शहर झाडाला जमिनीवर उभे राहण्यापुरती जागा देते, पण जमिनीखाली जगण्यापुरती जागा देत नाही.

झाडाच्या मुळांविषयी सर्वसामान्य समजूत अशी असते की वर जसा पर्णसंभार तसाच खाली मुळांचा संभार, आणि मधोमध एक सोटमूळ खोलवर पाण्यापर्यंत गेलेले. बी जिथे रुजले तिथेच वाढलेल्या काही जातींच्या बाबतीत कोवळ्या वयात हे चित्र खरे असते. मात्र वाढलेल्या झाडाची बहुसंख्य मुळे जमिनीच्या वरच्या साठ सेंटिमीटर ते एक मीटर थरातच पसरलेली असतात, आणि हा पसारा फांद्यांच्या घेराच्या बाहेरही बराच दूर गेलेला असतो. याचे कारण साधे आहे: मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मूळ श्वसन करते, त्यासाठी त्याला प्राणवायू लागतो, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. चांगल्या मातीत निम्म्याच्या आसपास आकारमान या पोकळ्यांचेच असते आणि त्यांत पाणी व हवा आळीपाळीने नांदतात. रस्ता तयार करताना रोलर फिरवून जेव्हा माती दाबली जाते तेव्हा सर्वांत आधी नाहीशी होते ती मोठी पोकळी, म्हणजे हवेची वाट. अभियंत्याला रस्त्याखाली जशी घट्ट, न खचणारी जमीन हवी असते तशा जमिनीत मूळ शिरू शकत नाही. झाडाला जशी भुसभुशीत जमीन हवी तशा जमिनीवर रस्ता टिकत नाही. शहरी वृक्षसंगोपनातील मूळ पेच हा आहे. तो कुणाच्या दुष्टपणातून आलेला नाही, हे लक्षात घेतल्याखेरीज त्यावरचा उपायही सापडणार नाही.

हा पेच किती मोठा आहे हे थोड्या अंकगणिताने स्पष्ट होते. बांधकामाच्या जागी झाडांचे रक्षण कसे करावे याविषयीच्या ब्रिटिश मानकात मुळांच्या संरक्षित क्षेत्राची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या बारापट धरली जाते, व्यास जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजायचा असतो. अर्धा मीटर व्यासाचे खोड असलेला पर्जन्यवृक्ष आपल्या शहरांत जागोजागी दिसतो. त्याच्यासाठी ही त्रिज्या सहा मीटर होते, म्हणजे सुमारे ११३ चौरस मीटर जमीन. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांविषयी आदेश देताना बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्यास आणि झाडांवर ठोकलेल्या पाट्या, खिळे व तारा हटवण्यास सांगितले. तो आदेश मोलाचा होता आणि देशभरच्या वृक्षप्रेमींनी त्याचा आधार घेतला. तरीही त्या एक मीटरने पर्जन्यवृक्षाला मिळते ती जमीन पाच चौरस मीटरांहून कमी. म्हणजे न्यायाने मिळालेला हा किमान हक्कसुद्धा गरजेच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, आणि अनेक पदपथांवर तोही मिळालेला नाही, पेव्हर ब्लॉक थेट सालीला भिडलेले असतात.

नव्या रोपाचे गणित याहून बिकट आहे. अमेरिकेतील भूदृश्यरचनाकारांमध्ये रूढ असलेला एक ढोबळ ठोकताळा असा की पर्णसंभाराच्या सावलीतील प्रत्येक चौरस फुटामागे एक ते दोन घनफूट वापरण्याजोगी माती हवी. आठ मीटर व्यासाची सावली देणारे, म्हणजे काही फार मोठे नव्हे असे झाड हवे असेल तर या ठोकताळ्याने पंधरा ते तीस घनमीटर माती लागते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा, जो आपल्याकडे आदर्श मानला जातो आणि प्रत्यक्षात क्वचितच तेवढा खणला जातो, त्यात माती मावते एक घनमीटर. उरलेली माती झाडाने शेजारून शोधायची असते. रानात ती मिळते. रस्त्याकडेला मात्र शेजारी एका बाजूला गटाराची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्त्याचा दाबलेला भराव आणि खाली जलवाहिनी, मलवाहिनी, विजेची केबल, गॅसवाहिनी व फायबरच्या नळ्या असतात.

दख्खनच्या पठारावरील शहरांत यात आणखी एक भर पडते. पुणे असो, सोलापूर असो वा छत्रपती संभाजीनगर, वरचा मातीचा थर पातळ आणि त्याखाली मुरूम, म्हणजे बेसाल्ट झिजून झालेला भरड थर, आणि त्याखाली अभंग कातळ असा प्रकार अनेक ठिकाणी आहे. घट्ट मुरमात खणलेला खड्डा उन्हाळ्यात कुंडीसारखा आणि पावसाळ्यात बादलीसारखा वागतो: एप्रिलमध्ये त्यातला ओलावा संपला की शेजारून भर पडत नाही, आणि जुलैमध्ये साचलेले पाणी खाली झिरपत नाही, त्यामुळे तेच रोप एका वर्षात तहानेने आणि गुदमरून असे दोन्ही बाजूंनी मार खाते. ज्या खड्ड्यात इमारतींचा राडारोडा भरला जातो तिथे चुना आणि सिमेंट यांमुळे माती अल्कधर्मी होते, तिच्यातील लोह मुळांना घेता येत नाही, आणि पाने पिवळी पडून केवळ शिरा हिरव्या राहतात. पाहणाऱ्याला वाटते झाडाला पाणी कमी पडले, आणि तो आणखी पाणी घालतो.

वाढलेल्या झाडांवरचे सर्वांत मोठे संकट सध्या खोदकामाचे आहे. मुंबईत गेल्या काही वर्षांत रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची कामे मोठ्या वेगाने झाली, पुण्यातही केबल आणि वाहिन्यांसाठीचे चर वर्षानुवर्षे खणले जात आहेत. झाड ज्या मुळांच्या जोरावर उभे असते ती जाड मुळे बुंध्याजवळच असतात, आणि चर नेमका तिथूनच जातो, कारण तिथे वाहतूक नसते. जेसीबीच्या बादलीने मूळ कापले जात नाही, ते ओढून फाटते, त्याच्या चिंध्या होतात आणि त्यातून बुरशी आत शिरते. झाड लगेच काहीच बोलत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन-तीन वर्षे हिरवे राहते, मग शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात, बुंध्याशी कधी लाकडासारखी कठीण भूछत्रे दिसतात, जी गॅनोडर्मासारख्या मुळे व बुंधा कुजवणाऱ्या बुरशीची खूण असते, आणि पुढच्या एखाद्या वादळात झाड मुळांच्या थाळीसकट कोसळते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेले तेव्हा मुंबईत मोठ्या संख्येने झाडे पडली, आणि त्या दिवसांतील बातम्यांत झाडे वाऱ्याने पडली असे म्हटले गेले. वारा असाधारण होता यात शंका नाही. पण एका बाजूची मुळे तुटलेले झाड आणि सर्व बाजूंनी मुळे पसरलेले झाड या दोघांना तो सारख्याच रीतीने भेटत नाही, आणि पडलेल्या झाडाच्या मुळांची तपासणी होऊन ती कोणत्या कामात कधी तुटली होती याची नोंद झाली असती, तर पुढच्या कामासाठी काही शिकता आले असते. अशी तपासणी हा पालिकांच्या कामकाजाचा नियमित भाग व्हायला हवा.

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि जेसन ग्राबोस्की यांनी १९९० च्या दशकात खडी आणि माती यांचे असे मिश्रण विकसित केले की जे दाबले तरी खडीचे खडे एकमेकांवर टेकून भार पेलतात आणि त्यांच्या फटींतील माती मात्र सैल राहते. वर पदपथ बांधता येतो आणि खाली मुळे वाढतात. स्वीडनमधील स्टॉकहोम शहराने याच तत्त्वावर मोठ्या दगडांचा थर, त्यात धुऊन बसवलेली माती आणि पावसाचे पाणी व हवा आत नेणारी विवरे अशी पद्धत राबवली आणि आधी खंगलेली जुनी झाडे तिच्यामुळे पुन्हा तरारली. या पद्धती जशाच्या तशा उचलण्यासारख्या नाहीत, कारण चार महिन्यांत वर्षभराचा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याच्या निचऱ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण बेसाल्टची खडी ज्या प्रदेशात डोंगरच्या डोंगर उपलब्ध आहे तिथे हा प्रयोग साहित्याअभावी अडण्याचे कारण नाही. तो अडतो तो आराखड्यात. रस्त्याच्या छेदचित्रात पाण्याची नळी किती व्यासाची आणि किती खोल हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते, आणि झाडाच्या जागी एक हिरवे वर्तुळ काढलेले असते, ज्याला खोली नसते.

रोपवाटिकेत सुरू होणारे दोष याहून कमी खर्चात सुधारण्यासारखे आहेत. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत रोप जास्त काळ राहिले की मुळे पिशवीच्या कडेने गोल गोल फिरू लागतात. तसेच रोप लावले तर हे वेटोळे सुटत नाही. खोड आणि मूळ दोन्ही जाड होत गेली की दहा-पंधरा वर्षांनी तेच मूळ खोडाचा गळा आवळते. लावण्यापूर्वी वेटोळी मुळे धारदार पात्याने उभी छेदून मोकळी करणे, आणि बुंधा जिथे रुंदावून त्याला मुळे फुटतात तो भाग मातीच्या वर राहील इतकेच खोल लावणे, ही दोन कामे दोन मिनिटांची आहेत. ती होत नाहीत, कारण लावणाऱ्या मजुराला दिवसाला रोपे मोजून मजुरी मिळते.

वेळेचा प्रश्नही असाच आहे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला गेला यामागे मोसमी पावसाचा विचार होता. अलीकडे शहरांतील वृक्षारोपणाचा मोठा भाग ५ जूनच्या पर्यावरण दिनी होतो, जेव्हा महाराष्ट्रात पाऊस बहुधा पोचलेला नसतो किंवा पोचला तरी स्थिरावलेला नसतो. त्याहून महत्त्वाचे हे की पाऊस ऑक्टोबरमध्ये परतल्यावर पुढचे आठ महिने कोरडे असतात, आणि चार महिन्यांत फुटलेली मुळे त्या आठ महिन्यांना पुरत नाहीत. पहिले तीन उन्हाळे आठवड्याला निदान एकदा खोलवर पाणी, बुंध्याभोवती आळे आणि आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन ही रोपाची गरज आहे. तो पाचोळा मात्र झाडूवाल्याकडून गोळा होऊन कोपऱ्यावर जाळला जातो. झाड स्वतःसाठी तयार करत असलेले खत आणि पांघरूण त्याच्याच शेजारी धूर होते.

छाटणीचा विषय विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण सद्हेतूने सर्वाधिक हानी याच कामात होते. अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडांचे उभे छेद घेऊन १९७० च्या दशकात असे दाखवले की झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. दुखावलेले लाकूड पुन्हा नवे होत नाही. झाड त्या भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. या प्रक्रियेला मराठीत कप्पेबंदी म्हणता येईल. कप्पेबंदीचे सर्वांत सक्षम ठिकाण फांदीच्या तळाशी असते, जिथे खोडातून फांदी निघताना एक फुगीर, सुरकुतलेली कंठी दिसते. या कंठीच्या अगदी बाहेरून कापले तर झाड जखम बंद करू शकते. खोडाला लगटून कंठीसकट कापले, किंवा हातभर खुंट सोडून कापले, तर नाही. वजनदार फांदी आधी खालून थोडी, मग थोड्या अंतरावर वरून आणि शेवटी कंठीशी अशी तीन कापांत उतरवायची असते, म्हणजे पडताना तिच्याबरोबर खोडाची साल सोलवटत जात नाही. कापावर डांबर किंवा रंग फासण्याची प्रथा शिगो यांच्या निष्कर्षांनंतर निरुपयोगी ठरली आहे.

या ज्ञानाच्या उजेडात मे महिन्यातील शहरी रस्ता पाहिला की मन विषण्ण होते. विजेच्या तारांच्या बाजूची सगळी फांदोरी उतरवून झाड एका अंगाला झुकते ठेवलेले असते, कुठे शेंडाच छाटलेला असतो, कुठे आतल्या फांद्या काढून टोकाला तेवढे झुबके ठेवलेले असतात, ज्यामुळे भार टोकाला जाऊन वाऱ्यात फांदी अधिक हेलकावते. शेंडा छाटल्यावर वर्षभरात जे दाट नवे फुटवे येतात ते झाड सावरल्याचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते उपासमारीत फुटलेले आणि सालीच्या लगतच चिकटलेले असतात, जाड झाल्यावर तेच निखळून पडतात, आणि त्यांच्या भीतीने पुढची छाटणी अधिक निर्दय होते. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या काढणे हे माणसांच्या जिवाच्या रक्षणासाठी आवश्यक कर्तव्य आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु कुठली फांदी धोकादायक आहे हे ठरवणारी नजर प्रशिक्षणाने येते, आणि करवत हातात असलेल्या माणसाला असे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि त्या कौशल्याला साजेसा मोबदला देणारी व्यवस्था उभारणे हे काही अवघड काम नाही.

जातींच्या निवडीबाबत देशी आणि विदेशी असा वाद बराच झाला आहे, आणि त्यात तथ्यही आहे. वड, पिंपळ, उंबर, करंज, काटेसावर, पळस, बहावा, ताम्हण या झाडांभोवती इथले पक्षी, फुलपाखरे आणि कीटक यांचा जो संसार असतो तो ग्लिरिसिडिया किंवा कोनोकार्पसभोवती दिसत नाही. तथापि मुंबईच्या रस्त्यांना दशकानुदशके सावली देणारा पर्जन्यवृक्ष दक्षिण व मध्य अमेरिकेतून आलेला आहे आणि गुलमोहर मादागास्करमधून, म्हणून त्यांची उपेक्षा करणे कृतघ्नपणाचे होईल. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष वाळले, त्यातून निघणारा धडा जातीच्या मूळ देशापेक्षा वैविध्याविषयी अधिक आहे. अमेरिकन संशोधक फ्रँक सांतामोर यांनी १९९० मध्ये सुचवलेला नियम असा की शहरातील एकूण झाडांत एका जातीची दहा टक्क्यांहून, एका प्रजातीगटाची वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून अधिक झाडे असू नयेत, म्हणजे एक कीड आली तरी सगळा रस्ता उघडा पडत नाही. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया ही सगळी एकाच शिंबी कुळातली, आणि देशी म्हणून आवर्जून लावले जाणारे करंज, बहावा, पळस, पांगारा हेही त्याच कुळातले आहेत, याकडे लक्ष वेधणे येथे गरजेचे आहे. बकुळ, ताम्हण, मुचकुंद, कदंब, वावळ, पुत्रवंती, कडुनिंब यांसारखी अन्य कुळांतील झाडे रोपवाटिकांनी मुद्दाम वाढवली तर हा तोल सावरता येईल. तारांखाली बहावा किंवा ताम्हणासारखे बेताचे झाड आणि मोकळ्या चौकात वड, एवढे तारतम्य राखले तरी निम्म्या छाटण्या वाचतील.

मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडी, म्हणजे चौरस मीटरला तीन-चार रोपे लावून थोड्या जागेत उभे केलेले वन, मुंबईत अलीकडे बऱ्याच झाल्या. अकिरा मियावाकी यांनी ही पद्धत उजाड जमिनीवर स्थानिक वन पुन्हा उभे करण्यासाठी विकसित केली होती, आणि त्या कामासाठी ती उपयुक्त आहे. पण बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला अशा वनाची सावली मिळत नाही.

कायद्याकडे वळल्यास, महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, परवानगीशिवाय तोडीला बंदी आणि ठरावीक काळाने वृक्षगणना ही त्याची चौकट. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. कायद्याने वयाची दखल प्रथमच घेतली म्हणून ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. परंतु साठ वर्षांच्या वडाचे साठ रोपांत रूपांतर करताना वय पुन्हा संख्येत बदलले जाते, आणि साठ झाडांना पुरेल इतकी माती त्या पेठेत कुठे आहे हा प्रश्न अनुत्तरित राहतो. रोपे मग शहराच्या सीमेवरील टेकडीवर जातात आणि वड जिथे होता तिथले ऊन तिथेच राहते. पुनर्रोपणालाही हीच मर्यादा आहे: वड-पिंपळासारखी झाडे नवी मुळे सहज फोडतात म्हणून त्यांची शक्यता बरी, पण आंबा किंवा जांभूळ यांच्यासारख्या वाढलेल्या झाडाचा मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या दहापट तरी हवा, आणि क्रेनला झेपेल इतका लहान गोळा घेतला की झाड मुळांचा मोठा हिस्सा मागे टाकून जाते.

झाडाची किंमत काळात मोजण्याची जाण या भूमीला नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवण्याच्या संदर्भात आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात न लावण्याची ताकीद आहे, आणि तिचे कारण असे दिले आहे की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात. युद्धनौका बांधण्याइतकी निकड समोर असतानाही तो कारभारी झाड किती वर्षांत होते हा प्रश्न आधी विचारत होता.

आजच्या कारभारात हा प्रश्न कंत्राटाच्या मुदतीत येऊन थांबतो. रोप लावण्याचे काम एका आर्थिक वर्षाच्या तरतुदीत, त्याला पाणी देण्याचे काम दुसऱ्या निविदेत, पदपथाचे काम तिसऱ्या विभागाकडे आणि तारांखालची छाटणी चौथ्याकडे, अशी विभागणी असल्यामुळे एकाच झाडाचा पहिल्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंतचा इतिहास एका ठिकाणी कुणाजवळ नसतो. याचा सर्वांत साधा पुरावा म्हणजे रोपाभोवतीची लोखंडी जाळी. ती गुरे आणि धक्के यांपासून रोपाला वाचवते, त्यामुळे पहिली चार-पाच वर्षे ती हवीच. त्यानंतर ती काढायची असते, आणि ते काम कोणत्याही विभागाच्या यादीत नसते. खोड जाड होत जाते, सळ्या सालीत रुततात, साल त्यांच्यावरून वाढून त्यांना गिळते, आणि काही वर्षांनी जाळीवरची देणगीदाराच्या नावाची पाटीही अर्धी लाकडात गेलेली असते. त्या वेळी ती कापून काढायला गॅस-कटर लागतो, आणि सहाव्या वर्षी दोन नटबोल्ट सोडवणारा एक माणूस पुरला असता.